काट्यावरचा दाब आणि समीकरणातला दाब

पंक्चर होऊन पार बसलेल्या टायरला दाबमापक लावला, तर काटा शून्यावर राहतो. पण म्हणून त्या टायरात हवाच उरलेली नाही असे नव्हे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील वातावरणाचा दाब साधारण १३.८ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १३.८ पौंड असतो, आणि बसलेल्या टायरातली हवाही तेवढाच दाब देत असते.

यूजीन बूर्दों यांनी १८४९ साली फ्रान्समध्ये पेटंट घेतलेल्या तबकडीच्या मापकात एक वाकवलेली, पोकळ, चपटी नळी असते. आत दाब वाढला की ती किंचित उलगडते आणि काटा सरकतो. त्या नळीला बाहेरून वातावरण दाबतच असल्यामुळे काटा केवळ आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरक दाखवतो. हा गेज दाब. त्यात वातावरणाचा दाब मिळवला की निर्वातापासून मोजलेला निरपेक्ष दाब मिळतो, आणि दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या (म्हणजे वायूचे प्रमाण) गुणिले वायुस्थिरांक गुणिले तापमान या आदर्श वायूच्या समीकरणाला हाच चालतो.

समजा, डिसेंबरातल्या पहाटे १० अंश सेल्सिअसला टायरात ३२ पीएसआय हवा भरली आणि देवासपर्यंत जाताना आतली हवा ४० अंशांपर्यंत तापली. आकारमान बदलले नाही असे धरू. समीकरणातले तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून घ्यावे लागते; ते २८३ वरून ३१३ झाले. त्याच प्रमाणात निरपेक्ष दाब ४५.८ वरून सुमारे ५०.७ झाला, म्हणून काटा ३६.९ दाखवील. थेट ३२ लाच या प्रमाणाने गुणले, तर उत्तर ३५.४ येते, आणि ही चूक पटण्यासारखी दिसते म्हणूनच ती अधिक फसवी आहे. सेल्सिअसचेच आकडे वापरून चौपट दाब काढणाऱ्याला निदान १२८ हा आकडा पाहून शंका तरी येते!

हवेच्या प्रमाणाची तुलना करतानाही हाच घोळ होतो. तेवढ्याच आकाराच्या स्टेपनीत काटा १६ दाखवत असेल, तर तीत निम्मी हवा आहे असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्याच तापमानाला २९.८ भागिले ४५.८, म्हणजे जवळपास ६५ टक्के हवा असते.

गेज दाब मात्र त्यामुळे कमअस्सल ठरत नाही. टायरच्या भिंतीला सोसावा लागतो तो आतल्या-बाहेरच्या दाबांतला फरकच, आणि गाडीच्या दारापाशी छापलेला आकडाही गेज दाबाचाच असतो. येथे ३२ भरून ए. बी. रोडने मुंबईला पोहोचल्यावर तापमान तेवढेच असले, तरी तेथे बाहेरचा दाब १४.७ असल्यामुळे काटा ३१ च्या आसपास येतो. एक कणही गळलेला नसला, तरी एखाद पीएसआय हवा भरावीच लागते.