ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर ‘फेल्ड’ का होतं : एका खिडकीमागची पंचवीस वर्षं

नागपूरच्या बर्डीवरच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबा, ड्रायव्हरबद्दल, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, हे वाक्य कानावर पडतंच : “भाऊ, ड्रायव्हर टाकून राहिलो, पण अर्ध्यावरच फेल होऊन राहिलं.” उत्तरही ठरलेलं असतं : “फॉर्मॅट मारा लागते.” मग गोंदिया-यवतमाळहून शिकायला आलेला पोरगा सी ड्राइव्हवरच्या प्रोजेक्टवर पाणी सोडतो, पैसे मोजतो आणि पुष्कळदा महिन्याभरात त्याच दुकानात परत येतो. फॉर्मॅटची गरज बहुतेक वेळा नसते. हे इन्स्टॉलेशन का फसतं याला मोठा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला तर नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळतं.

आधी ती खिडकी नीट बघू. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीचा इन्स्टॉलर, म्हणजे ड्रायव्हर बसवणारा प्रोग्राम, फसला की शेवटी एक छोटी यादी दाखवतो. एकीकडे घटकांची नावं, दुसरीकडे प्रत्येकाची स्थिती. ग्राफिक्स ड्रायव्हरपुढे ‘फेल्ड’, खाली एचडी ऑडिओ ड्रायव्हर आणि फिजएक्स (गेममधल्या वस्तूंची हालचाल खरी वाटावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) यांच्यापुढे ‘नॉट अटेम्प्टेड’. लोक घाईघाईत ‘क्लोज’ दाबतात, पण निदान तिथंच लिहिलेलं असतं. ज्या ओळीपुढे ‘फेल्ड’ आहे तिथं काम अडलं, खालच्या ओळींना हातच लागलेला नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर व्यवस्थित बसून फक्त सोबतचं अ‍ॅप फसलं असेल, तर कार्ड ठणठणीत आहे. गेमही चालेल, ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअरही चालेल. ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. तिच्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या वर्षी येऊन बसली आहे.

१९९८ च्या सुमारास एनव्हीडियाचे ड्रायव्हर ‘डेटोनेटर’ नावानं यायचे, तेव्हा सगळा मामला काही एमबींचा होता. संगणक मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडीत ते असायचे. पुढे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा महिन्याची डेटा मर्यादा इतकी तुटपुंजी होती, की लोक रात्री दोन ते सकाळी आठ या मोफत वेळेत ड्रायव्हर उतरवायला लावून झोपायचे. आज तीच फाइल सहाशे-सातशे एमबींच्या वर जाते. त्या वाढीत ड्रायव्हरसोबतच्या सामानाचाही वाटा आहे.

सोबतच्या सॉफ्टवेअरचं दुखणं पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते २००४ मध्ये, एनव्हीडियाची प्रतिस्पर्धी एटीआय हिच्या कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटर या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमुळे. ते चालायला मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट फ्रेमवर्क लागायचं. ते नसलं तर कार्ड चालू, चित्र पडद्यावर, पण सेटिंगची खिडकी काही केल्या उघडत नाही. ड्रायव्हर वेगळा आणि त्याचं सोबती सॉफ्टवेअर वेगळं, ही फोड तेव्हा झाली. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनं २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि २०१५ च्या क्रिमसन आवृत्तीत डॉट नेटचा भार उतरवला, पण परावलंबनाची तऱ्हा मात्र सगळीकडे रुजली.

२००७ च्या सुरुवातीला विंडोजची व्हिस्टा आवृत्ती बाजारात आली आणि ड्रायव्हरची घडणच बदलली. एक भाग विंडोजच्या गाभ्यात, दुसरा बाहेर. ६४-बिट विंडोजनं तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर गाभ्यात घ्यायलाच नकार दिला. कंपन्यांची तयारी अपुरी होती. मायक्रोसॉफ्टची जी अंतर्गत कागदपत्रं पुढे एका खटल्यात उघड झाली, त्यांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. “कार्ड नवीन आहे, पण विंडोज घेतच नाही” ही त्या काळातली तक्रार खोटी नव्हती.

विदर्भात त्यात लोडशेडिंगची भर. कोराडीची वीज नागपूरच्या उशाशी तयार होत असूनही २००५ नंतरची काही वर्षं आसपासच्या तालुक्यांत तासन्‌तास वीज नसायची. इन्स्टॉलर आधी जुन्या फाइली काढतो, मग नव्या बसवतो. या दोन पायऱ्यांच्या मध्येच वीज गेली आणि यूपीएस नसला, की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, जुन्याच्या नोंदी आणि डिस्कवर नव्याचे तुकडे राहतात. पुढच्या वेळी इन्स्टॉलर त्या अर्धवट अवशेषांना अडखळतो. आजही उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि दुपारी फेज उडाला, तर हेच घडतं.

यादीतल्या बाकी ओळी मधल्या वर्षांतल्या. एनव्हीडियानं २००८ मध्ये एजिया ही कंपनी घेतली आणि फिजएक्स आलं. आवाजही एचडीएमआयच्या केबलमधून जाऊ लागला, म्हणून एचडी ऑडिओ ड्रायव्हर. २०१३ मध्ये जीफोर्स एक्सपिरियन्स हे ड्रायव्हर अद्ययावत करणारं सोबती अ‍ॅप आलं, त्याच वर्षाच्या अखेरीस खेळ रेकॉर्ड करणारं शॅडोप्ले त्यात आलं, आणि २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर लॉगिन सक्तीचं झालं. ड्रायव्हर अद्ययावत करायला खातं उघडावं लागावं, हे मला आजही चुकीचंच वाटतं. या सॉफ्टवेअरला पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसेस लागायच्या, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या लायब्ररी लागायच्या. युरोपसाठी काढलेल्या विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत मीडिया फीचर पॅक नसतो, तिथंही ते अडखळायचं. ‘एरर ०x०००३’ हा त्याचा कुप्रसिद्ध संदेश बहुधा एखादी सर्व्हिस बंद पडल्याचाच असायचा. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन ‘एनव्हीडिया’नं सुरू होणाऱ्या ओळी चालू आहेत का ते पाहावं, बंद असेल ती सुरू करावी. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

आता फॉर्मॅटकडे येतो, कारण खरी ग्यानबाची मेख तिथं आहे. २०१८ पासून विंडोज १० साठी ‘डीसीएच’ पद्धतीचे ड्रायव्हर आले. त्यांत एनव्हीडियाचं कंट्रोल पॅनल, म्हणजे कार्डाच्या सेटिंगची खिडकी, ड्रायव्हरच्या गठ्ठ्यातून निघून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येऊ लागलं. जुन्या ‘स्टँडर्ड’ पद्धतीचा ड्रायव्हर डीसीएचवर टाकायला गेलं, की ‘या विंडोजशी सुसंगत नाही’ असा निरोप मिळायचा आणि लोक कार्डालाच दोष द्यायचे. दुकानातल्या पेनड्राइव्हवर पुष्कळदा छाटलेली ‘लाइट’ विंडोज असते. वेग वाढावा म्हणून तिच्यातून स्टोअर काढलेलं, अपडेट बंद केलेलं, काही सर्व्हिसेसही उडवलेल्या. तिच्यावर कंट्रोल पॅनल येणार कुठून? म्हणजे ज्या फॉर्मॅटनं दुखणं बरं व्हायचं, त्याच फॉर्मॅटनं ते कायमचं बसतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली मूळ विंडोजच टाका, एवढा आग्रह गिऱ्हाइकानं धरलाच पाहिजे.

दुसरी अडचण विंडोजच्या उत्साहाची. २०१५ मध्ये विंडोज १० आल्यापासून ती आपणहून ड्रायव्हर उतरवते. तुम्ही हातानं इन्स्टॉलर चालवत असता आणि त्याच क्षणी मागे विंडोज स्वतःचा ड्रायव्हर बसवत असते. दोघं एकाच फाइलीवर धडकले की ‘फेल्ड’. उपाय सोपा : इन्स्टॉलर आधीच उतरवून ठेवायचा, वायफाय बंद करायचं, इन्स्टॉलरच्या ‘कस्टम’ पर्यायात जाऊन क्लीन इन्स्टॉलेशनची खूण करायची. तरीही अडलं तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे साधन चालवायचं. ते जुने अवशेष नोंदींसकट काढतं. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं की समजायचं, पाटी कोरी झाली. एएमडीच्या मंडळींनाही हाच क्रम लागू. मात्र तिथं ‘एरर १८२’ आला तर हे सॉफ्टवेअर त्या कार्डासाठी नाहीच, झाडझूड करून उपयोग नाही.

सेकंडहँड कार्डाची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग, म्हणजे कार्ड राबवून चलन मिळवणं, संपलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. त्यांतल्या एएमडीच्या अनेक आरएक्स ४७०, ५७०, ५८० कार्डांच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) मायनिंगसाठी फेरफार केलेला असतो आणि एएमडीचा ड्रायव्हर असं कार्ड नाकारतो. तिथं मूळ बायोस परत चढवावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे एनव्हीडियाच्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआय या नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली कार्डं. फर्मीचा आधार एनव्हीडियानं २०१८ मध्येच थांबवला, त्यामुळे अशा कार्डावर नवा ड्रायव्हर कधीच बसत नाही. जीपीयू-झी हे छोटं मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं लिहून दाखवतं. पैसे देण्याआधी दुकानातच ते चालवून बघा, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जीफोर्स एक्सपिरियन्सच्या जागी एनव्हीडिया अ‍ॅप अधिकृतपणे आलं आणि लॉगिनची सक्ती गेली. पण ऑक्टोबर २०२५ पासून खऱ्या जीटीएक्स १०५० टीआयचा, म्हणजे पास्कल पिढीचा, आणि त्याआधीच्या मॅक्सवेलचाही नव्या गेमसाठीचा आधार थांबला. ऑक्टोबर २०२८ पर्यंत त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील, तेही तिमाहीला. आपल्याकडे वसतिगृहांतून आणि घरांतून ही कार्डं अजून भरपूर आहेत. त्यांच्या मालकांनी साइटवरचा सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा ड्रायव्हर उचलू नये. आपल्या कार्डाचं नाव निवडून ५८० मालिकेतला (ही ड्रायव्हरच्या आवृत्त्यांची मालिका, कार्डाचा क्रमांक नव्हे) ड्रायव्हर घ्यावा आणि तोच जपून ठेवावा.