विधानसभेची यादी आणि प्रभागाची यादी: नाव नेमकं कुठे असतं?

कार्ड खिशात आहे, विधानसभेला मतदानही केलंय. महापालिकेच्या मतदानाला त्याच शाळेतल्या त्याच खोलीत गेलं, तर यादीत नावच नाही! बहुतेक वेळा ते कापलेलं नसतं, दोन गल्ल्या पलीकडच्या केंद्रावर गेलेलं असतं. कारण या याद्या दोन आहेत.

विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. नाव घालणं, वगळणं, पत्ता बदलणं सगळं तिथेच; नव्या नावनोंदणीचा नमुना 6 चा अर्ज भरतो तोही तिच्यासाठीच. प्रभागाची यादी राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होते. महाराष्ट्रात हा आयोग 1994 मध्ये आला. तो स्वतः एकही नवं नाव नोंदवत नाही. एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांच्या हद्दींप्रमाणे ती फोडली जाते. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण नाव भलत्याच प्रभागात पडलंय, मूळ यादीत असून इथे गळलंय किंवा लेखनिकाची चूक झालीय, अशाच कारणांसाठी. ‘माझं नाव नव्याने घाला’ ही हरकत होत नाही.

तरुण अडकतात ते त्या ठरवलेल्या तारखेपाशी. 18 वर्षं पूर्ण झाली का, हे पूर्वी फक्त 1 जानेवारीला मोजत. 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही तारखा आल्या. 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. पण जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांचं मतदान झालं ते 1 जुलै 2025 च्या यादीवर. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेली मुलगी मतदानादिवशी सव्वाअठराच्याही पुढे होती, तरी बाहेरच. नियमात बसतं खरं, पण तिला ते पटवायला कुणी जाऊन दाखवावं!

दुसरी गंमत वसतिगृहातल्या पोरांची. नाव लातूरकडच्या गावात आणि चार वर्षं मुक्काम पुण्यात. म्हणजे मत गावच्या ग्रामपंचायतीला. पुण्यात नळाला पाणी येवो न येवो, नगरसेवक निवडण्यात यांचा हात नाही. नाव हलवायचं तर नमुना 8, आणि तोही त्या तारखेच्या आत मार्गी लागायला हवा.

यंत्रासमोरही फरक आहेच. विधानसभेला एक मत. मुंबईत नगरसेवकासाठीही एकच, पण बाकीच्या महापालिकांत बहुतेक प्रभाग चार जागांचे: अ, ब, क, ड. एक बटण दाबून मागे फिरणाऱ्याला केंद्राध्यक्ष हाक मारतात, ‘अहो, अजून तीन मतं राहिलीत.’