पाणी उन्हाने उडतंय की वेस्टला जातंय?

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, जलतरण तलावाची पातळी रोज उतरते आणि सगळं खापर उन्हावर फुटतं. खरा चोर मात्र बऱ्याचदा फिल्टरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेत, दडलेला असतो. २५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद तलावात पातळी १ मिलिमीटर उतरली, की ३१२.५ लिटर पाणी गेलेलं असतं. वेस्टच्या, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपातून मिनिटाला १ लिटर गळलं तर दिवसाला १,४४० लिटर जातं. पातळी मात्र ५ मिलिमीटरनेही उतरत नाही. उन्हाच्या नावावर एवढं सहज खपतं. उजनीचं पाणी काही दिवसांआड नळाला येणाऱ्या शहरात तरी ते खपू नये.

छडा लावायला बादली पुरते. भरलेली बादली तलावाच्या पायरीवर अशी ठेवा, की आत-बाहेर पाणी एकाच पातळीला राहील. नवं पाणी सोडू नका, २४ तास कुणाला उतरू देऊ नका. बाहेरचं पाणी जास्त उतरलं, तर गळती नक्की. मग हँडल ‘फिल्टर’वर ठेवून पंप चालवा आणि वेस्टच्या पाइपाचं तोंड बघा. तिथे धार थांबत नसेल, तर पहिला संशय स्पायडर गॅस्केटवर घ्या.

बैलगाडीच्या चाकासारखं हे रबर असतं; त्याचा प्रत्येक आरा दोन वाटा वेगळ्या ठेवतो. हँडलबरोबर फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, स्प्रिंग त्यावर दाबून धरते. सततच्या दाबाने रबर कायमचं चपटं होतं, क्लोरीनने कडक पडतं. पण पंप चालू असताना हँडल फिरवण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही. पाण्याच्या जोरावर आरा खाचेतून उपटला जातो आणि फिल्टरमधल्या वाळूचा कण त्याला चिरतो.

बदलताना पंपाचा मेन स्विच बंद करा, फिल्टरकडे येणारे-जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, हवा सोडून दाबाचं गेज शून्यावर आणा. झाकण आणि बॉडीवर मिळून मार्करची एक खूण करा. शेवटचे दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे सोडा. खाली स्प्रिंग दाबलेली असते. खाचेतला जुना गोंद लाकडी काडीने काढा. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा म्हणजे पुन्हा गळती. थिनर किंवा अॅसिटोन नकोच, व्हॉल्व्हचं एबीएस प्लास्टिक विरघळतं. खाच पूर्ण कोरडी होऊ द्या.

नवं गॅस्केट व्हॉल्व्हच्या मॉडेलप्रमाणेच घ्या. दीड इंची व्हॉल्व्हचं दोन इंचीला बसत नाही. आधी गोंदाशिवाय बसवून पाहा: सपाट बाजू खाचेत, उंचवटा रोटरकडे. गोंद अगदी कमी लावा, जास्त झाला तर आरा वर उचलला जातो. सिलिकॉन सीलंट असेल तर २४ तास थांबा. झाकणाच्या ओ-रिंगला (गोल रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमच्या ग्रीसने ईपीडीएम हे कृत्रिम रबर फुगतं. स्क्रू समोरासमोरचे, हातानेच आवळा.

सुरुवात बॅकवॉशने (वाळूतून उलटं पाणी सोडून धुण्याने) करा, मग रिन्स (उरलेला गाळ वेस्टला सोडणं), मग फिल्टर. दर वेळी पंप बंद करून, हँडल पूर्ण दाबूनच फिरवा. पावसाळ्यात तलाव बंद राहणार असेल तर हँडल दोन खुणांच्या मध्ये ठेवा, म्हणजे रबरावर दाब राहत नाही. पण तेव्हा सगळ्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून बाहेरचे व्हॉल्व्ह बंदच हवेत.