सायटिकाच्या दुखण्यात झोपावे कसे?

सायटिकाची, म्हणजे कंबरेतील नस दबल्याने पायात उतरणारी, कळ दिवसा कशीबशी सहन होते, पण रात्री कूस बदलता बदलता झोपेचे खोबरे होते. अशा वेळी सर्वांना एकाच स्थितीत झोपण्याचा सल्ला देणे बरोबर नाही, कारण नस कशामुळे दबली आहे यावर आराम कोणत्या स्थितीत मिळेल हे ठरते.

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस आहे. कंबरेच्या खालच्या भागात मणक्यांमधून निघालेली पाच मुळे एकत्र येऊन ती तयार होते आणि नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. डॉक्टर तपासताना उताण्या झोपलेल्या रुग्णाचा पाय गुडघा न वाकवता वर उचलतात, तेव्हा साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान नस ताणली जाऊन पायात कळ उठते. गुडघा वाकवला की ताण सैल पडतो आणि कळही ओसरते. उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी घेण्यामागे हेच तत्त्व आहे. शिवाय त्यामुळे कंबरेचा बाक थोडा सपाट होऊन तेथील स्नायू सैलावतात.

कुशीवर झोपणाऱ्यांनी बहुधा दुखरी बाजू वर ठेवावी. मात्र खरी अडचण वरच्या पायाची असते: तो पुढे घसरून गादीला टेकला की ओटीपोटाचे हाड फिरते आणि कंबरेला रात्रभर पीळ पडून राहतो. म्हणून दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी लांब उशी घ्यावी. केवळ गुडघ्यांत दाबलेली छोटी उशी मध्यरात्री निसटते. कंबर आणि गादी यांच्यात पोकळी राहत असेल, तर तेथे टॉवेलची घडी ठेवावी.

वयोमानाने मणक्यांमधील नसा जाण्याची नलिका अरुंद झाली असेल, तर पाय पोटाकडे घेऊन किंचित वाकून झोपल्याने नलिकेत जागा होते आणि बरे वाटते. याउलट मणक्यांमधील चकती सरकली असेल, तर तसे वाकल्याने काहींचे दुखणे वाढते. अशांपैकी काहींना पोटाखाली पातळ उशी घेऊन पालथे झोपणेही मानवते, जरी इतरांनी ते टाळलेलेच बरे. वेदना पायातून वर सरकत कंबरेपाशी येऊ लागली, तर ते सहसा चांगले लक्षण मानावे. ती पोटरीकडे उतरू लागली, तर स्थिती बदलावी.

कंबरदुखीसाठी फळीसारखे कडक अंथरूण हवे, हा समज आता सोडून द्यायला हवा. २००३ साली स्पेनमधील संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पाऊल वर उचलता न येणे, यांपैकी काहीही झाल्यास उशा बदलत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

सकाळी उठताना विशेष जपावे. झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतर पहिला काही वेळ त्यांच्यात दाब अधिक असतो. सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत, हातांच्या आधाराने उठावे आणि पहिला अर्धा-एक तास तरी पुढे वाकून कोणतेही काम करू नये.