कोकणी माणसाचं कूळ: नाकाच्या मापापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

ब्रिटिश अमदानीत हर्बर्ट रिस्ले नावाच्या साहेबाने अख्ख्या हिंदुस्थानातली माणसं नाकावरून वाटून टाकली. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. हा आकडा जितका मोठा तितकी जात खालची, असं त्याचं म्हणणं. वायव्येकडचे लोक त्याच्या लेखी 'इंडो-आर्यन', दक्षिणेकडचे 'द्रविडी', आणि मराठी मुलखातले ब्राह्मण-कुणबी 'सिथो-द्रविडी'. एका प्रांताला एक वंश, असा हा सोयीचा नकाशा होता.

त्याला धक्का देणाऱ्यांत एक मालवणात जन्मलेला माणूस होता: समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. १९३२ साली त्यांनी ही मापं पुन्हा तपासली. नाक आणि जातीची उतरंड यांचा मेळ उत्तरेतल्या हिंदुस्थानी पट्ट्यात थोडाफार बसतो, इतर भाषिक प्रांतांत बसत नाही, असं त्यांनी दाखवलं. पुढे इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली (१९६८). समाजातला मान एकच, प्रांतही एकच, तरी शरीराच्या मापांत आणि रक्तगटांत फरक होता. 'महाराष्ट्रीय ब्राह्मण' हा जीवशास्त्राच्या दृष्टीने एक गट नव्हताच.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. जनुकशास्त्राचा धंदा नेमका तोच आहे.

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइख यांच्या गटाने देशातल्या २५ समूहांचे नमुने तपासले. आजचे बहुतेक भारतीय दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, असं त्यातून दिसलं. पहिल्या समूहाचं नातं पश्चिम आशिया, मध्य आशिया आणि युरोपकडच्या लोकांशी होतं. दुसरा त्याहून पुष्कळ वेगळा आणि फार पूर्वीपासून इथलाच. पहिल्याचा वाटा बहुतेक समूहांत साधारण ४० ते ७० टक्के. तो वायव्येकडून दक्षिणेकडे जाताना कमी होतो, आणि एकाच प्रांतात जातीगणिकही बदलतो. नंतरच्या अभ्यासांनी या दोन घटकांची आणखी फोड केली. मिश्रणाचं तत्त्व मात्र कायम राहिलं. शुद्ध असं कुणी सापडलं नाही, कातकऱ्याच्या वाडीतही नाही आणि खोताच्या वाड्यातही नाही. २०१३ च्या अभ्यासानुसार हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात चाललं होतं. मग जातीबाहेरचा बेटीव्यवहार आटत गेला.

म्हणजे प्रांतागणिक बदलतं ते प्रमाण, माणसाची जात नव्हे (इथे जात म्हणजे प्रकार, आपल्याकडे हा खुलासा करावा लागतो).

कोकणात मात्र उत्तर-दक्षिण उतारावर भागत नाही. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये खाड्यांनी कापलेली चिंचोळी पट्टी. घाटावरून येणं अवघड आणि गलबतातून येणं सोपं, त्यामुळे सोपारा, चौल, दाभोळ या बंदरांत बाहेरचा माणूस नवा नव्हता. चित्पावनांच्या कथेत परशुराम समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं जिवंत करतो. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या कथेत अलिबागजवळ नवगावला जहाज फुटतं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचतात. म्हणजे पुन्हा चौदाच. आकडा उसना कुणी कुणाकडून घेतला, हे ज्याने त्याने ठरवावं.

पैकी दुसरी कथा डीएनएवर तपासून झाली आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायलांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, नवगावकर, रोहेकर, बोलणं मराठी. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्ही वारसे ठळक दिसले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. दोन्ही बाजू वेगळ्या वाचल्यावर ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आणि स्थानिक वारसा जास्त करून स्त्रियांकडून आलेला निघाला. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांमागे झाला. ही संकराची तारीख आहे, जहाज फुटल्याची नव्हे. कथेतल्या सात स्त्रियांचं काय झालं ते डीएनए सांगत नाही, पण कोकणातल्या आज्या-पणज्यांचा हिस्सा स्पष्ट दाखवतो.

मुरूड-जंजिऱ्यामुळे सिद्दी आपल्याला परके नाहीत. २०११ मध्ये गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा अभ्यास झाला. पूर्व आफ्रिकेतल्या बांटू भाषक लोकांशी त्यांचं नातं जुळलं आणि सोबत भारतीय वारसाही भरपूर निघाला.

आता घारे डोळे. कोकणात कुणाचे डोळे घारे दिसले की लगेच फुटलेलं जहाज आठवतं. बुबुळाच्या रंगात ओसीए-२ आणि त्याच्या शेजारचं एचईआरसी-२ या जनुकांचा मोठा हात असतो. तिथे डीएनएचं एखादं अक्षर बदललं तरी रंगद्रव्य कमी तयार होतं. मुख्यतः चार-दोन जनुकांवर ठरणाऱ्या रंगावरून बाकीच्या हजारो जनुकांचा वंश सांगणं म्हणजे रिस्लेची फूटपट्टी पुन्हा हातात घेणं. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच हिशेब मांडला होता: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात.

मग शेजारच्या दोन वाड्यांत जनुकीय फरक पडतो कशाने? बहुतेक वेळा, पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक त्याच पाच-पन्नास घरांत झाल्याने. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, ज्या 'एच' पायावर चढतात, तो पायाच या लोकांच्या लाल पेशींवर नसतो. नेहमीच्या चाचणीत काचपट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी द्रव्यं) टाकलं तरी रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, म्हणून तंत्रज्ञ 'ओ' लिहून मोकळा होतो. उलटी चाचणी केली, म्हणजे त्याच माणसाचा सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) घेऊन त्यात 'ओ' गटाच्या पेशी सोडल्या, की मात्र गुठळ्या धरतात. खऱ्या 'ओ'मध्ये हे सहसा होत नाही. चुकून 'ओ' रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

देशात साधारण दहा हजारांत एक असलेला हा गट रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात तुलनेने जास्त आढळतो. त्यासाठी बिघडलेलं एफयूटी-१ जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस निव्वळ वाहक. त्याचा नेहमीचा रक्तगट नेहमीसारखाच दिसतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. आतेमामे भावंडांत किंवा त्याच भावकीच्या आसपास लग्नं होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलामागे शक्यता चारात एक. म्हणून बॉम्बे गटाचा रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांचं रक्त आधी तपासायचं असतं.