तळ्याची दिवसपाळी

शहरातल्या तळ्याकाठी गारवा का असतो, असं विचारलं तर हमखास उत्तर येतं, "पाणी थंडच असतं की!" पण वरून पडणाऱ्या उन्हापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पाणी पोटात घेतं, काँक्रीटपेक्षाही अधिक. मग ते तापत का नाही?

एक कारण शाळेतलंच. घनमीटरभर पाणी एका अंशाने तापवायला तेवढ्याच काँक्रीटच्या साधारण दुप्पट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरतं, काँक्रीटचा मात्र वरचाच थर भाजून निघतो.

खरी गंमत बाष्पीभवनात आहे. ओल्या बोटावर फुंकर मारून बघा. पाण्याचे सगळे रेणू एकाच वेगाने धावत नाहीत. पृष्ठभागाजवळचे चपळ रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून निसटतात आणि मागे सरासरीने मंद रेणू उरतात. तापमान म्हणजे या सरासरी गतिज ऊर्जेचंच माप, म्हणून बोट गार पडतं. एक लिटर पाणी उडताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. हेक्टरभर तळ्यातून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं, तर ते झालं 50,000 लिटर. चोवीस तासांची सरासरी काढली तर ही उष्णता 1.4 मेगावॅट भरते, म्हणजे दीड टनाचे अडीचशेहून जास्त एसी अखंड चालवल्यासारखं! फक्त ही उष्णता बहुतांशी तळ्याने स्वतः शोषलेल्या उन्हातलीच असते, हवेतून काढलेली थोडी. तळं हवा गार करतं त्यापेक्षा ती तापू देत नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. 'जलतत्त्वाची ऊर्जा' वगैरे विकणाऱ्यांना हा हिशोब जरूर विचारावा.

हवा आधीच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावतं, वर आपला घामही सुकत नाही. आणि काठावर उंच इमारतींची भिंत उभी केली की वारा अडतो, मग गारवा काठावरच राहतो.

आता रात्रीचं बघू. शहर भोवतालच्या गावांपेक्षा रात्री जास्त उबदार असतं, हे ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये मोजून दाखवलं होतं. अशा भोवतालापेक्षा उबदार शहराला 'उष्णतेचं बेट' म्हणतात. या बेटाचा खरा जोर रात्रीच असतो, आणि नेमकं तेव्हाच तळं दिवसभर साठवलेली ऊब हळूहळू सोडत असतं. उन्हाळा सरत आला की पाणी इतकं तापलेलं असतं की पहाटे काठावरची हवा लांबच्या झाडीतल्या हवेपेक्षा उबदार लागू शकते.