फोन हरवला तर: आधी कुलूप, मग सिम, मग ठाणं, शेवटी ब्लॉक

कोल्हापुरात महाद्वार रोडवर दिवाळीच्या गर्दीत आमच्या आतेभावाचा फोन गेला. घरी आल्या आल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं सरकारी साईट उघडली आणि फोन ब्लॉक करायचा फॉर्म भरायला बसला. तिथंच अडला. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागितला, तो माहीत नाही. पोलीस तक्रारीचा क्रमांक मागितला, तक्रारच दिलेली नाही. शेवटी ओटीपीसाठी मोबाईल नंबर मागितला, आणि ते सिम गेलेल्या फोनातच! फॉर्म अवघड नाही. पण तो सगळ्यात शेवटी भरायचा असतो, आणि त्याच्या आधीची कामं क्रमानं झालेली लागतात.

ही सोय दूरसंचार विभागाची आहे. सीईआयआर म्हणजे देशभरातल्या फोनांच्या आयएमईआय क्रमांकांची मध्यवर्ती नोंद. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल सुरू झालं आणि ही सोय सगळ्या देशाला खुली झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं ॲपही आलं. अर्जाला फी नाही. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून घेतलात तर त्याची मजुरी द्या, पण ‘ब्लॉकिंग चार्ज’ म्हणून कुणी काही मागितलं तर सरळ उठून या.

पहिला अर्धा तास

फोन गेल्याचं कळलं की बहुतेक जण आधी सिम बंद करतात. मी म्हणतो, त्याआधी पाच मिनिटं थांबा. बायकोच्या नाहीतर मित्राच्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात जा आणि ‘फाइंड’ सोयीतून फोनला कुलूप घाला. आयफोन असेल तर ॲपलच्या खात्यातून तेच. कारण हे कुलूप इंटरनेटवरून पोचतं. सिम बंद झालं की फोनचा डेटा बंद, मग कुलूप घालायला तो कुठंतरी वायफायला लागायची वाट बघत बसावं लागतं. फोन पुसून टाकायचा पर्यायही तिथंच असतो, पण तो लगेच दाबू नका. अँड्रॉइड फोन पुसला की ठिकाण दिसणं बंद होतं.

खात्यात जाता येईना, ओटीपी मागतंय, असं झालं तर त्यात अडकून राहू नका. सिम कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून सिम बंद करा आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

डुप्लिकेट सिम

नंबर ज्याच्या नावावर, त्यानंच मूळ आधार कार्ड घेऊन सिम कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, जायचं. इथं निम्मे लोक अडकतात. आतेभावाचंच बघा. नंबर बारा वर्षं तो वापरतोय, पण सिम घेतलं तेव्हा तो कॉलेजात, म्हणून ते वडिलांच्या नावावर. काउंटरवरच्या पोरानं आधार बघितलं आणि मान हलवली. वडिलांना कागलहून एसटीनं यावं लागलं. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि नवीन केवायसी, म्हणजे आणखी काही दिवस. तुमचा नंबर कुणाच्या नावावर आहे ते आज, फोन हातात असतानाच, बघून ठेवा.

दुसरी गोष्ट गॅलरीत सहसा सांगत नाहीत. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. तुमचं सिम दुसऱ्याच कुणी काढून घेतलं तर त्याला बँकेचे ओटीपी मिळू नयेत म्हणून हा नियम आहे. पण त्यामुळं सीईआयआरचा ओटीपीसुद्धा त्या दिवशी येत नाही. आतेभाऊ रात्री अकरापर्यंत ‘पुन्हा पाठवा’ दाबत बसला होता. साईट बिघडलेली नव्हती. हा वेळ ठाण्याचं काम उरकायला वापरायचा.

पोलीस ठाणं

तक्रार ‘गहाळ’ची द्यायची की ‘चोरी’ची, हे ठाण्याच्या पायरीवर जाण्याआधी ठरवा. रंकाळ्यावर बाकावर विसरला, केएमटीच्या बसमध्ये कुठं पडला कळलं नाही, तर गहाळ. त्याची नोंद होते, दाखला मिळतो, आणि ब्लॉक करायला तेवढा पुरतो. पण खिसा कापला, हातातून हिसकावला, तर ती चोरी आहे आणि तिचा एफआयआर व्हायला हवा. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येते, हिसकावणं कलम ३०४ मध्ये. ‘साहेब, गहाळच लिहा, लवकर होईल’ असं कधी ठाण्यातून सुचवतात, कधी आपणच कंटाळून म्हणतो. लवकर होतं हे खरं, पण कागदावर चोर उरतच नाही. फोनचा विमा असेल तर तिथंही बहुतेक वेळा चोरीची नोंद मागतात.

हद्दीवरून परत पाठवलं तर? कोल्हापुरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी या ठाण्यांच्या हद्दी गल्ली ओलांडली की बदलतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत फोन गेला तर ठाणं कोडोलीचं, पण कळतं ते घरी आल्यावर. दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. एफआयआरची प्रतही फुकट मिळायला हवी. हे भांडायच्या सुरात सांगू नका, नुसतं सांगा. गहाळच्या नोंदीला मात्र जिथं हरवला तिथलंच ठाणं बरं पडतं, कारण फॉर्ममध्ये जिल्हा आणि ठाणं निवडावं लागतं.

तक्रारीत दोन्ही आयएमईआय लिहून घ्या. दोन सिमच्या फोनला क्रमांकही दोन असतात, प्रत्येकी १५ अंकी. ते खोक्याच्या मागच्या स्टिकरवर असतात, बऱ्याचदा बिलावरही. आतेभावाचं खोकं दिवाळीच्या साफसफाईत आठच दिवसांपूर्वी रद्दीत गेलं होतं. बिल ज्या दुकानातून फोन घेतला त्यांच्या कॉम्प्युटरवर सापडलं, आणि त्यावर एकच क्रमांक. दुसरा गुगल खात्यातल्या डिव्हाइसच्या माहितीत मिळाला. तुमचा फोन आत्ता हातात आहे, तर *#०६# डायल करा आणि दिसेल ते वहीत उतरवून ठेवा. फोनमध्येच स्क्रीनशॉट काढून ठेवू नका म्हणजे झालं.

फॉर्म

आता सीईआयआरचा फॉर्म दहा मिनिटांचा. मोबाईल नंबर, आयएमईआय, कंपनी आणि मॉडेल, कुठं आणि कधी हरवला, ठाणं, तक्रारीचा क्रमांक, मग तुमचं नाव-पत्ता. तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र जोडावंच लागतं. बिल असेल तर तेही जोडा. डुप्लिकेट सिमवर ओटीपी येतो, तो टाकला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो. हा आयडी कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं.

साधारण चोवीस तासांत फोन भारतातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. नुसता नेटवर्कवर, हं. वायफायवर तो चालतो, गॅलरीतले फोटो दिसू शकतात. म्हणून पहिलं कुलूप महत्त्वाचं. चोरानं त्यात दुसरं सिम घातलं की त्याचा माग निघतो, आणि ती माहिती पोलिसांकडं जाते. फोन मिळेलच असं नाही. मिळाला तर पोलीस बोलावतात.

मिळाल्यावर तो आपोआप चालू होत नाही, हे विसरू नका. आधी ठाण्यात फोन मिळाल्याची नोंद, मग त्याच पोर्टलवर ‘अनब्लॉक’मध्ये रिक्वेस्ट आयडी, नंबर, कारण आणि ओटीपी. आतेभावाचा फोन पाच महिन्यांनी मिळाला. गडी सिम घालून आनंदात, आणि नेटवर्कच येईना. रिक्वेस्ट आयडीची चिठ्ठी कुठं ठेवली ते आठवायलाच दोन दिवस गेले.

तोवर त्यानं वापरायला जुना फोन घ्यायचं ठरवलं होतं. सेकंडहँड घेताना आधी केवायएम, मोकळी जागा आणि १५ अंकी आयएमईआय, असा मेसेज इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवायचा. काळ्या यादीतला किंवा एकाच क्रमांकाचे अनेक फोन फिरत असलेला निघाला तर तिथंच कळतं. पहिल्या दुकानात त्यानं आयएमईआय विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘घ्यायचा असेल तर घ्या, चौकशा नकोत.’ तो पुढच्या दुकानात गेला.